रविवारची नदी

खोली भाड्यानं देताना घरमालक विचारतात, लग्न झालंय का, मच्छी खाता का, पाहुणे फार येतात का. माझ्या घरमालकानं मला एकच प्रश्न विचारला, "पोहता येतं का?"

मी माणदेशातला. आमच्याकडे विहिरीत उतरून तळाचं पाणी वाटीनं कळशीत भरायची पद्धत. त्यात कुणी सूर मारला असता तर पाण्याऐवजी हाडवैद्याकडे निघाला असता. पण नोकरी नवी होती, खोली हवी होती आणि वय असं होतं की माहीत नसलेल्या प्रत्येक गोष्टीला मी 'हो' म्हणत असे.

"येतं की," मी म्हणालो. "चांगलं येतं."

त्यानं हातातली लोखंडी सळई माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं, थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "खोटं आहे. पण खोली घ्या."

हे खालापूर तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं गाव. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर, आणि माझ्या घरमालकाला सगळं गाव 'फोरमन' म्हणे. तो कधीच फोरमन नव्हता. खोपोलीच्या वीजघरात तीस वर्षं झडपांची चाकं उघडायची आणि मिटायची, एवढंच त्याचं काम. निवृत्त झाल्यावर गावानं त्याला चेष्टेनं बढती दिली आणि त्यानं ती निमूटपणे स्वीकारली. तोंडावर अहो-जाहो आणि पाठीमागे एकेरी, ही गावाची रीत मीही उचलली. आता तो नाही, पण सवय मोडवत नाही.

सळई वीजघरातली. यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते बाहेरून कळावं म्हणून तिथले कामगार सळईचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावत. यंत्रं सुटली, सळई सुटली नाही. गाभण गाईच्या पोटाला, भिंतीला, पिकल्या फणसाला, कशालाही तो ती लावी. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं ती सरपंचाच्या पाठीला लावली होती. भरल्या पंगतीत म्हणाला, "आत काही फिरत नाही." सरपंच त्या दिवसापासून त्याच्यावर दात धरून होता.

त्याचं सगळं माप 'पाव फेऱ्या'चं. आमटीत मीठ पाव फेरा. पडवीतल्या पिंपाला त्यानं पितळी तोटी बसवली होती, ती मी एकदा पुरती उघडली तर धावत येऊन माझा हात धरला. "मास्तर, पुरता फेरा फक्त पुरात." माणसांचेही त्यानं दाब ठरवले होते. "हेडमास्तरांचा दाब कमी आहे. तुमचा दाब बरा आहे, पण गळती फार." भिंतीवर कोळशानं तीन ओळी लिहिल्या होत्या : तोटी पाव फेरा. दिवा अर्धा. कारण विचारू नये.

तिसऱ्या ओळीचा मला फार जाच झाला. मी शाळेत पोरांना 'कारणे द्या' शिकवून घरी यायचो आणि घरी कारण मिळायचं नाही. परसातली केळ का तोडली, तर भिंतीकडे बोट. माझी चप्पल छपरावर कशी गेली, तर भिंतीकडे बोट.

सकाळी तो खिडकीतून नदीकडे बघे आणि मुंबईची बातमी सांगे. "गिरण्या चालू झाल्या." दुपारी, "जेवायची सुट्टी झाली." आम्हाला वाटे, म्हातारा भ्रमिष्ट आहे. खरं तर हिशेब सोपा होता, आणि त्यानं तो मला शंभरदा सांगितला होता. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खोपोलीला खाली येतं, चाकं फिरवतं, चाकांची वीज मुंबईला जाते आणि काम झालेलं पाणी आमच्या नदीत सोडतात. म्हणून तर भर उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहते. तिकडे गिरण्या जोरात, तर इकडे नदी जोरात. तिकडे भोंगा वाजून गिरण्या थांबल्या की इकडे पाणी उतरलं. शंभरदा ऐकलं होतं मी हे. शंभर वेळा मान डोलावली होती. मान डोलावताना माणूस ऐकत नसतो, हे शिक्षकाला तरी ठाऊक असायला हवं होतं.

मी राहायला गेलो तेव्हा पडवीत होडी होती. होडी म्हणजे, हमरस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिपं उभी चिरून, ठोकून सपाट केलेले पत्रे, त्यांना लाकडी फासळ्या आणि सांध्यांना डांबर. तीन वर्षं तो ती बांधत होता. पडवी भरून उरली होती ती. माझ्या खोलीचं दार तिच्या पलीकडे, त्यामुळे मला होडीत चढून, चार पावलं चालून, पलीकडे उतरूनच घरात शिरावं लागे. शाळेला जाताना एकदा, येताना एकदा. धोतराला डांबर लागलेलं पाहून पोरं वर्गात नाक दाबून बसत.

"एवढी मोठी कुणासाठी?" मी विचारलं. त्यानं भिंतीकडे बघितलं. मग बहुधा दया येऊन म्हणाला, "तिघांसाठी."

तिघं कोण, हे सांगायचं तर नदीचे घाट सांगायला हवेत. गावाला तीन घाट होते. सगळ्यांत वरचा दगडी पायऱ्यांचा, तो वरच्या आळीचा. त्याच्याखाली बौद्धवाडीचा, पायऱ्या नसलेला. त्याहून खाली कातकरवाडीचा. खालचे दोन्ही एकाच मोठ्या डोहावर, डोहाच्या दोन टोकांना. पाणी वरून खाली वाहतं, पण विटाळ वरून खाली वाहत नाही, असं वरच्या आळीचं शास्त्र होतं. म्हणून वरच्यांनी वर धुवायचं आणि खालच्यांनी ते प्यायचं. कायद्यानं हे सारं केव्हाच बंद झालं होतं. कायदा खोपोलीपर्यंत येऊन थांबला होता.

एक दिवस फोरमन चहा पिता पिता म्हणाला, "नदीवर होड्यांचा दिवस करायचा. ज्याला जे तरंगवता येईल ते त्यानं आणावं. सगळ्यांनी वल्हवायचं. हरणं-जिंकणं नाही. फक्त एका होडीत तीन माणसं, तीन घाटांची तीन."

मला शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की एक समारंभ होणार, त्याला चिटणीस लागणार आणि गावात शुद्ध लिहिणारा मी एकटा.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. फोरमन सोडून आम्ही बारा जण होतो, सगळे पुरुष, अकरा वरच्या आळीचे आणि मी. सरपंच जाडजूड, मनानं अगदीच वाईट नव्हता. त्याला नदीवर साकव हवा होता, पलीकडे जायला लहानसा पूल. गटविकास अधिकाऱ्यांना समारंभाला बोलवून साकवाचं बोलता येईल, म्हणून तो होड्यांना तयार झाला. पण तीन घाटांची तीन माणसं म्हटल्यावर हसून हसून त्याची पानाची पिंक चुकली.

"आरं फोरमन, येका पंगतीत बसवताना मारामाऱ्या व्हतात, आनि तू होडीत बसवतोस व्हय? होडीत तर उठून जायला जागा पन नाय."

"म्हणूनच होडी," फोरमन म्हणाला.

"बसली तर?"

"बसली तर वरच्या घाटाच्या पायऱ्या सगळ्यांना मोकळ्या. तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं."

"आनि नाय बसली तर?" सरपंचानं आजूबाजूला बघितलं. सगळे हसायच्या तयारीत होते. "नाय बसली तर तुजी डांबराची होडी माज्या गोठ्यात. म्हशींना पानी प्यायला. कबूल?"

फोरमननं सळई जमिनीला टेकवली, कानाला लावली आणि म्हणाला, "कबूल." तीन वर्षांची होडी होती ती. मला वाटलं, हा हरला आणि माझी पडवी मोकळी झाली. माझ्या आनंदाचं कारण इतकं क्षुद्र होतं, हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

मग वार ठरवायचा होता. फोरमन एकदम उभा राहिला. "बुधवार. बुधवारच हवा. दुसरा वार चालायचा नाही."

"का?"

"कारण विचारू नका."

आता गावाचा एक अलिखित नियम होता. फोरमन जे म्हणेल त्याच्या उलट करायचं. त्यानं शाळेला दक्षिणेकडे खिडक्या सुचवल्या होत्या, म्हणून त्या उत्तरेला होत्या. त्यानं देवळापाशी वड लावू नका म्हटलं, म्हणून तिथे वड होता. मी नवा असलो तरी नियम शिकलो होतो. मी उठलो आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण केलं. रविवारी शाळेला सुट्टी, कचेरीला सुट्टी, मुंबईच्या नोकरदारांना सुट्टी. सुट्टी हा शब्द मी किती वेळा उच्चारला ते मोजलं नाही. अकरा हात वर झाले, माझा धरून बारा. फोरमन एकटा पडला. घरी जाताना मात्र तो शीळ घालत होता. मला वाटलं, दुःख लपवतोय.

हँडबिल मी लिहिलं. 'सर्व थरांतील आबालवृद्ध स्त्री-पुरुषांसाठी खुला नौकाविहार सोहळा. भेदाभेद विसरून एकत्र या.' असं वर ठळक. आणि खाली सरपंचाच्या सांगण्यावरून बारीक अक्षरात, 'खालच्या वाड्यांसाठी त्यांच्या घाटावर स्वतंत्र व्यवस्था राहील.' दोन्ही वाक्यं मी एकाच टाकानं लिहिली, एकाच कागदावर, दोन बोटांच्या अंतरावर. काही खटकलं का? खटकलं. 'आबालवृद्ध' मध्ये 'स्त्री-पुरुष' येतातच, मग पुन्हा कशाला लिहा, हे खटकलं.

शनिवारी संध्याकाळी फोरमननं चार जण बोलावून होडी पडवीतून काढली आणि वरच्या घाटाला न नेता थेट खालच्या डोहावर नेऊन बांधली. मी त्याला बोललोही. "काका, सोहळा वर आहे. पाहुणे वर बसणार."

"असू दे. हिला चार बोटं पाणी पुरतं, पण चार बोटं तरी पाहिजे."

त्याचं बोलणं मला कळलं नाही. नेहमीप्रमाणे मी मान डोलावली.

रविवारी सकाळी वरच्या घाटावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, खुर्च्या, सतरंजी, सरबत. हमरस्त्यावरून मोटारींच्या जुन्या ट्यूबा आणल्या होत्या. केळीच्या खांबांचे तराफे होते. लग्नाच्या भांड्यांतली एक मोठी काहील होती, तिच्यात दोघं बसणार होते. आणि सरपंचानं खाडीकाठच्या गावाहून ट्रकातून एक खरीखुरी होडी आणली होती, निळी, आत गादी टाकलेली. रात्रीच ती नदीत सोडून दोरानं खुंटाला बांधली होती.

तोरण होतं, सरबत होतं, नदी नव्हती.

म्हणजे नदी होती, पण ओल्या धोंड्यांच्या मधून, करंगळीएवढी. कालपर्यंत छातीभर पाणी वाहत होतं तिथे बगळा चालत होता, आणि त्याचे गुडघेही भिजत नव्हते. सरपंचाची निळी होडी दोन धोंड्यांच्या मध्ये तिरकी बसली होती. तीत सरपंच. पाहुण्यांना ऐटीत दिसावं म्हणून तो आधीच जाऊन बसला होता, आणि आता उतरावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"नदी कुठं गेली?" गटविकास अधिकारी जीपमधून उतरत म्हणाले. गळ्यात कॅमेरा होता.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोरमनकडे.

"आज रविवार," फोरमन शांतपणे म्हणाला. "गिरण्या बंद. वीज नको. पाणी वरच अडवलंय. दर रविवारी असंच असतं."

"मग आदी बोलला का न्हाईस रं?" सरपंच होडीतूनच ओरडला.

"मी बुधवार म्हणालो होतो."

तेवढ्यात मागून एक बाई हसली. सरपंचाची बायको. अंगानं बारीक, पदर डोक्यावर, हातात हळदीकुंकवाचं ताट. "आमी बायका रविवारी धुनं कंदी धुतो का? शनवारीच उरकतो. तीस वर्सं झाली. पन आमाला कुनी इचारलं?" विचारणार कसं? बैठकीत बाई नव्हती, आणि पुरुषांची आंघोळ घरी, बायकांनी भरून आणलेल्या पाण्यानं. गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट बारा पुरुषांनी हात वर करून नाकारली होती.

साहेब घड्याळाकडे बघू लागले. सरपंचाला साकव वाहून जाताना दिसला. "पाणी मुळीच नाही का कुठं?" साहेबांनी विचारलं.

"आहे," फोरमननं सळई खाली रोखली. "खालच्या डोहात. तो कधी आटत नाही."

साहेब निघाले. साहेब निघाले म्हटल्यावर सरपंच निघाला, सरपंच निघाला म्हटल्यावर वरची आळी निघाली. ट्यूबा, तराफे, काहील डोक्यावर घेऊन अख्खी मिरवणूक बौद्धवाडीच्या गल्लीतून खाली गेली. कित्येकांनी ती गल्ली जन्मात पहिल्यांदा आतून पाहिली. काही जण घराकडे वळले, कुणाचं पोट दुखत होतं, कुणाची म्हैस व्यायची होती. पण बरेच आले. फुकटचा तमाशा सोडवत नाही माणसाला.

डोहावर बौद्धवाडीतले दगडूबाबा उभे होते. मुंबईत गिरणीत नोकरी करून परतलेले, सत्तरीचे, ताठ. फोरमनची होडी त्यांच्या घाटाला बांधलेली. आणि हातात माझं हँडबिल.

"रामराम मास्तर," ते म्हणाले. "इकडं कुठं?"

"बाबा, वर पाणी नाही. म्हणून सोहळा इथं."

"आसं कसं? हितं छापलंय बगा," चष्मा सारखा करून त्यांनी वाचलं. छान वाचलं, पोरांनी वाचावं तसं प्रत्येक अक्षर सुटं. "खालच्या वाड्यांसाठी त्यांच्या घाटावर स्वतंत्र व्यवस्था राहील. ह्यो आमचा घाट. ही आमची वेवस्था. तुमची वर हाय ना?"

माझ्या लेखनाचा इतका काळजीपूर्वक वाचक मला पुढे कधी मिळाला नाही.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"बरं लिवलंय. शुद्ध हाय." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "या सगळे. पन हितं आमची रीत. येका होडीत तिघं. तीन घाटांची तीन. आनि पयली फेरी लिवनाऱ्याची."

असा मी होडीत गेलो. एका टोकाला दगडूबाबा वल्हं घेऊन, दुसऱ्या टोकाला कातकरवाडीची बायजा, नदीतले मासे विकणारी, कासोटा घातलेली, हसू दाबत असलेली. मध्ये मी, धोतर आवरत. होडी काठापासून चार हात गेली असेल. माझ्या मनात आलं, आता सगळे बघतायत, आता चिटणीसानं उभं राहून दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो.

पुढचं मला तुटक आठवतं. आकाश, डांबर, मग हिरवं पाणी नाकात. मी हातपाय मारले, ओरडलो, "वाचवा" म्हणालो, आईला हाक मारली, बहुधा हेडमास्तरांनाही मारली. पाणी गिळलं. जगाचा निरोप घेऊ लागलो.

"उबा ऱ्हा रं मास्तर," बायजाचा आवाज आला. "उबा ऱ्हा. गुडगाभर हाय पानी."

मी उभा राहिलो. पाणी गुडघाभर होतं.

काठावरची तिन्ही घाटांची माणसं एकदम हसली. मी त्या गावात चार वर्षं 'एकात्मता' या विषयावर निबंध लिहून घेतले, पण वरची आळी आणि खालच्या वाड्या एकाच वेळी एकाच गोष्टीला हसल्याचं तेवढंच एक उदाहरण मला ठाऊक आहे.

हसू ओसरल्यावर सरपंचानं डोळे पुसले आणि तो फोरमनकडे वळला. "ही फेरी धरायची नाय हां. मास्तर घाटावरचा. देशावरचा. तो आमच्या घाटाचा कुठं? आनि बसला कुठं, पडला. होडी गोठ्यात."

ते खरंच होतं. मी तीन घाटांपैकी कुठल्याच घाटाचा नव्हतो. फोरमननं सळईचं एक टोक पाण्यात बुडवलं होतं, दुसरं कानाला, आणि तो डोळे मिटून ऐकत होता. पण सळईवरचा हात ती पाव फेरा फिरवत होता, पुन्हा पाव फेरा उलटी फिरवत होता. तीस वर्षं झडपा फिरवलेला हात. मी ओल्या धोतरानिशी त्याच्या शेजारी उभा होतो आणि पहिल्यांदाच मला वाटलं, पडवी भरलेलीच राहिली तर बरं.

साहेब म्हणाले, "सरपंच, तुम्ही बसा ना. तिन्ही वाड्या एका होडीत, असा फोटो साकवाच्या प्रस्तावाला जोडू. सगळ्या गावाला उपयोग आहे, हे दिसेल तरी."

सरपंचाचं तोंड बघण्यासारखं झालं. बसावं तर पैज गेली, न बसावं तर साकव गेला. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, मागं घेतलं, आळीतल्या चेहऱ्यांकडे बघितलं. सगळे चेहरे नदीकडे बघत होते.

"त्येंचं व्हत नाय," त्याची बायको म्हणाली आणि हळदीकुंकवाचं ताट तिनं त्याच्याच हातात दिलं. "मी वरच्याच घाटाची ना? तीस वर्सं पायरीवर धुनं आपटतेय. होडीत कंदी बसले नाय." तिनं लुगडं जरा वर खोचलं, बायजाचा हात धरला आणि होडीत जाऊन मध्ये बसली. अगदी मध्ये, जिथून मी पडलो होतो तिथे.

"उबी ऱ्हाऊ नको गं वैनी," बायजा म्हणाली.

"मी काय मास्तर हाय व्हय?"

दगडूबाबांनी होडी ढकलली. वल्हं तिनं मागून घेतलं, उलटं धरलं, बायजानं सुलटं करून दिलं. होडी आधी गोल फिरली, मग सरळ झाली आणि डोहाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन आली. साहेबांनी फोटो काढला. पुढे तो पंचायतीच्या भिंतीवर लागला. त्यात होडी आहे, तिघं आहेत आणि डाव्या कडेला हळदीकुंकवाचं ताट धरलेला एक हात आहे. सरपंच फोटोत तेवढाच आला.

मग काय, ट्यूबा पडल्या, तराफे पडले, काहील दोनदा बुडाली आणि दोनदा काढली. तीन घाटांची तीन हा नियम अर्ध्या तासात मोडला, कारण बायकाच एवढ्या होत्या की कोण कुठल्या घाटाची हे मोजायला कुणाला सवड नव्हती.

सरपंचानं पैज पाळली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सोमवारी पाणी परत आलं तेव्हा तो खाली गेला आणि चारचौघांत म्हणाला, "वरचा घाट मोकळा. कुनी बी या."

दगडूबाबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आठवड्याला येक दिवस कोरडा पडनारा घाट घेऊन आमी काय करू?"

मात्र पुढच्या रविवारी सकाळी वरच्या आळीतल्या चार बायका धुण्याच्या पाट्या घेऊन बौद्धवाडीच्या गल्लीतून खाली डोहावर गेल्या. पुरुषांनी विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी पानी तिथंच असतंय." त्याच्या पुढच्या रविवारी दहा-बारा. कुणी भाषण केलं नाही, हँडबिल काढलं नाही. वाट त्यांना माहीत झाली होती, एवढंच. समितीनं मात्र ठराव केला, की पुढचा सोहळा बुधवारी, वरच्या घाटावर. फोरमननं त्या ठरावाला पाठिंबा दिला. तो इतक्या आनंदानं दिला, की समितीला शंका आली आणि ठराव मागे घेतला गेला.

होडी त्यानं बायजाला देऊन टाकली. पडवी मोकळी झाली. कित्येक दिवस मी रिकाम्या पडवीत पाय उंच टाकून खोलीत जात होतो.

चार वर्षांनी माझी बदली झाली. ट्रंक दारात आणून ठेवली. गावात मी एव्हाना 'उबा ऱ्हा मास्तर' झालो होतो, शाळेतली पोरं सुद्धा पाठीमागे तेच म्हणत. निघताना मी हिंमत करून फोरमनला विचारलं, "काका, तुम्हाला रविवारच हवा होता ना? बुधवार मुद्दाम म्हणालात?"

तो भिंतीकडे बघेल असं मला वाटलं. बघितलं नाही. त्यानं सळई माझ्या ट्रंकेवर टेकवली, कानाला लावली.

"मास्तर, पोहता येतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं सळई खाली घेतली. "आता खरं आहे," तो म्हणाला. "आता तुम्हाला खोली द्यायला हरकत नव्हती."